एकांतातली प्रार्थना आणि मंडळीचं काम: आठवड्यात दोन्ही कसं बसवायचं?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
सर्वांना सलाम.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी, निपाणी, कुठल्याही लहान ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण घरी पहाटे उठून वचन वाचतात, गुडघे टेकतात, पण रविवारची उपासना संपली की चपला घालून थेट घरी. घरप्रार्थनेला नाहीत, आजाऱ्याच्या भेटीला नाहीत. दुसरे सगळीकडे असतात. संडे स्कूल, गायन, पंच कमिटी, नाताळची कॅरल फेरी, भांडी मोजून परत देणं हेच करणार. पण स्वतःचं शास्त्र (बायबल) या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत उघडत नाहीत. पहिल्यांना आपण बोल लावतो, दुसऱ्यांचं कौतुक करतो, आणि सुकतात दोघंही.

मत्तय ६:६ खोलीत जाऊन दार लावायला सांगतं. इब्री १०:२५ एकत्र मिळणं सोडू नका म्हणतं. दोन्ही पाळायची असतील तर दोघांत एक दुवा लागतो, आणि माझ्या मते तो दुवा म्हणजे सगळ्यांनी वाचायचा एकच उतारा. उदा. फिलिप्पै पत्र घ्या. ४ अध्याय, १०४ वचनं. आठवड्याला एक अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज ४-६ वचनं घरी एकट्यानं वाचायची, वहीत एक वाक्य लिहायचं. शनिवारी संध्याकाळी घरप्रार्थनेत प्रत्येकानं ते वाक्य फक्त वाचून दाखवायचं. चार आठवड्यांत पत्र पूर्ण. पुढे याकोब, ५ आठवडे.

कुठे अडेल? काय बिघडेल? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

वडगाव_माग
पहिली अडचण जागेची. बेळगावच्या वडगाव, शहापूरकडे एका खोलीत पाच-सहा माणसं आणि शेजारी यंत्रमाग. दार लावून घ्यायचं म्हटलं तर बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं का? अशा घरातल्या बाईला "एकांत ठेव" म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही. तो एकांत मंडळीनं तिला द्यायचा असतो.

उपाय सोपा आहे. देऊळ (चर्च) रविवार सोडून रोज पहाटे ५:३० ते ६:३० उघडं ठेवा. सहा जण, प्रत्येकाकडे आठवड्यातला एक वार. किल्ली एकच नको, तीन करा, नाहीतर किल्लीवाला गावाला गेला की आठवडाभर कुलूप. उघडणाऱ्यानं दिवा लावायचा, दोन खिडक्या उघडायच्या आणि गप्प बसायचं. गीत नाही, संदेश नाही, पेटी नाही. इथंच सगळे घसरतात बघा. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतो, "आलोच आहोत तर एक गीत होऊ दे." की झाली आणखी एक सभा. मग ज्याला एकटं बसायचं होतं तो दुसऱ्या दिवशी येत नाही. दाराला पाटी लावा: इथं मोठ्यानं प्रार्थना करू नये.

घटप्रभा७
पाटीचं पटलं. आणि ६:३० ला खरंच बंद करा. सात-सव्वासातपर्यंत रेंगाळलं की किल्लीवाल्याची कामाची बस चुकते, मग तो महिनाभरात सोडतो.

कॅम्पकर
मलप्रभाकाठ अण्णा, दुसऱ्या गटाबद्दल थोडं सविस्तर.

काम करणाऱ्यांचं शास्त्र बंद असतं असं नाही. संडे स्कूलची शिक्षिका शनिवारी रात्री धडा वाचतेच. पण ती वाचते मुलांसाठी. गोष्ट कुठं थांबवायची, चित्र कुठलं, पाठांतराचं वचन कुठलं, डोकं त्यात असतं. तयारीचं वाचन आणि स्वतःसाठीचं वाचन वेगळं ठेवा. वही वेगळी, वेळ वेगळी, आणि जमलं तर शास्त्रभागही वेगळा. संडे स्कूलला उत्पत्ती चालू असेल तर सकाळी स्तोत्रसंहिता. १५० स्तोत्रं आहेत, रोज पाच घेतली तर तीस दिवसांत होतात. रोज पाच जमत नसतील तर एक घ्या, पाच महिन्यांत होतात. एवढंच की ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, ते एका दिवसात उरकू नये. आठ-आठ वचनांची २२ कडवी आहेत, तशीच २२ दिवस घ्यावीत.

मंडळीनं करायची गोष्ट दुसरी. बहुतेक ठिकाणी संडे स्कूल उपासनेच्या वेळेतच मागच्या खोलीत भरतं. म्हणजे शिक्षक वर्षभर संदेश ऐकत नाहीत, आणि प्रभुभोजनाला धावत येऊन रांगेत शेवटी उभे राहतात. दोन तुकड्या करा, एक आड एक रविवार. माणसं पुरत नसतील तर वर्ग उपासनेच्या आधी ४५ मिनिटं घ्या. आणि एका माणसाकडे एकच जबाबदारी, मुदत एक वर्ष. गायनातला माणूस पंच कमिटीतही आणि युवक संघातही असला की त्याचा सोमवार ते शनिवार फोनवरच जातो.

हुक्केरीचा_पाहुणा
तयारी म्हणजे भक्ती नाही, हे मला पटत नाही दादा. इफिस ४:१२ मध्ये सेवेचं काम आणि ख्रिस्ताच्या शरीराची बांधणी एकत्रच सांगितली आहे. मुलांसाठी धडा काढताना देव शिक्षिकेशी बोलत नाही असं कसं म्हणता?

कॅम्पकर
बोलतो की. पण शनिवारी रात्री दहा वाजता चित्र कापताना ऐकायला कोण मोकळं असतं? मार्क १:३५ बघा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलेलं, आणि येशू पहाटे अंधारातच उठून अरण्यात गेला. शिष्य शोधत आले, "सर्व लोक आपला शोध करीत आहेत." तरी तो आधी गेलाच होता. कामाचा रेटा वाढला की आधी एकांत कापला जातो. त्यानं तो कापला नाही.

हुक्केरीचा_पाहुणा
हे मान्य.

नंदगड_रस्ता
आम्ही कॅथलिक, म्हणून थोडं वेगळं बोलतो. तुमचा प्रश्न आमच्याकडेही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, कलम १२ मध्ये, हेच सांगितलंय की सामूहिक उपासनेत भाग घेतला म्हणजे आध्यात्मिक जीवन संपलं नाही, खोलीत जाऊन गुप्तपणे प्रार्थना करायलाही बोलावणं आहे.

खानापूर भागातल्या कोंकणी-मराठी घरांत याची सांगड घालणारी जुनी गोष्ट आहे, तेर्स, म्हणजे जपमाळेची (रोझरीची) प्रार्थना. पाच दशकं, प्रत्येकात एक 'आमच्या बापा' आणि दहा 'नमो मरिया', वीसेक मिनिटं लागतात. घरातले सगळे एकत्र बसतात, पण शब्द पाठ असल्यामुळे मन एकट्याचं चिंतन करू शकतं. बिघडतं ते वेगामुळे. दहा मण्यांत श्वास न घेता धावणारी घरं आहेत. त्यावर उपाय असा की प्रत्येक दशकाआधी रहस्याचं (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाचं) नाव घेऊन अर्धा मिनिट गप्प बसायचं. टीव्ही फक्त आवाज बंद करून नाही, पूर्ण बंद. आणि दशक म्हणण्याचा मान आळीपाळीनं, लहान मुलालाही. मुलाला आपली पाळी ठाऊक असली की ते झोपत नाही.

वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत मात्र आमचं उलट होतं. वर्गणी, फेस्त (सणाचा उत्सव) आणि स्वयंपाकाची वाटणी यातच तास जातो, वचन पाच मिनिटांत. म्हणून क्रम ठरवून टाका: वचन आधी, कामकाज शेवटी आणि तेही उभ्यानं.

तांबडी_माती
उभ्यानं कामकाज! याच्यासारखा उपाय नाही. पंच कमिटीलाही लावा, रात्री अकराची बैठक नऊला संपेल. :)

एकटा_चालतो
मूळ पोस्टशी माझा मतभेद आहे. सगळ्यांनी एकच उतारा वाचायचा आणि शनिवारी वाक्य वाचून दाखवायचं म्हटलं की माणूस सोमवारीच शनिवारचा विचार करतो. देवासमोर बसतानाही शेजारच्या काकू काय म्हणतील हे डोक्यात. मत्तय ६ चा सगळा रोखच त्यावर आहे, माणसांनी पाहावं म्हणून करू नका. शिवाय ज्याला त्या आठवड्यात दुःख आहे त्याला स्तोत्र ८८ हवं असतं, फिलिप्पैचा आनंद नको असतो. दुसरं, हजेरीचं ओझं. ज्यानं पाचपैकी दोनच दिवस वाचलं तो शनिवारी येणारच नाही. म्हणजे जोडायला काढलेल्या गोष्टीनंच माणूस तुटला.

मलप्रभाकाठ
मुद्दा रास्त आहे. मग असं करू: वहीत दोन पानं. डावं पान देवाचं आणि तुमचं, ते कुणी विचारायचं नाही. उजव्या पानावर एक वाक्य, तेही हवं तरच वाचायचं. "आज ऐकतो" एवढं म्हणून पुढच्याकडे वळायचं, कारण विचारायचं नाही. आणि किती दिवस वाचलं हे बैठकीत कुणीच बोलायचं नाही, ज्यानं पाचही दिवस वाचलं त्यानं तर मुळीच नाही.

एकटा_चालतो
हे चालेल. बैठकीच्या सुरुवातीला अध्याय पूर्ण मोठ्यानं वाचा म्हणजे न वाचलेलाही बरोबरीनं बसेल. फिलिप्पैचा सर्वात मोठा अध्याय ३० वचनांचा, सावकाश वाचला तरी सहा मिनिटं पुरतात. त्यानंतर पाच मिनिटं पूर्ण शांतता. लोकांना सुरुवातीला अवघड जातं, कुणीतरी "हालेलूया" म्हणून ती भरतो. चालवणाऱ्यानं आधीच सांगावं: "आता पाच मिनिटं, मी सांगेपर्यंत."

निपाणीची_ताई
एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. लोक घरप्रार्थनेला का येत नाहीत, याचं मोठं कारण म्हणजे तिथं सांगितलेलं बाहेर जातं. "प्रार्थनेत आठवण ठेवा हं, अमक्याच्या सुनेचं असं असं आहे..." हे प्रार्थनेचं नाव घेऊन केलेलं चुगलीचं काम आहे. यामुळे जी माणसं तुटतात ती मग घरीच प्रार्थना करतात, आणि आपण त्यांना "एकलकोंडी" म्हणतो.

हे नियम कागदावर लिहून पहिल्या बैठकीत वाचा. स्वतःचा विषय स्वतःच मांडायचा. दुसऱ्याचा मांडायचा तर त्याला आधी विचारून, आणि "विचारलं आहे" असं सांगून. परवानगी नसेल तर फक्त "एका कुटुंबासाठी", पुढं काही नाही, गल्लीचं नावही नाही. आजार, पैसे, नवरा-बायकोचं भांडण, मुलीचं स्थळ हे चार विषय व्हॉट्सॅप ग्रुपवर कधीच टाकायचे नाहीत. तिथून स्क्रीनशॉट कोल्हापूरला पोचायला वेळ लागत नाही. ज्याला कुणासमोरच बोलायचं नसेल त्याच्यासाठी देवळात कुलूपबंद पेटी ठेवा, चिठ्ठ्या पाळकसाहेबांनीच काढायच्या, महिन्याअखेर जाळायच्या. आणि जिथं मारहाण किंवा मुलांना धोका आहे तिथं नुसती प्रार्थना करून गप्प बसायचं नाही, मदत बोलवायची. गुप्तता जपणं वेगळं आणि झाकणं वेगळं.

घटप्रभा७
ताई, हे छापून भिंतीला लावायला हवं.

पेटीवाला
थोडं विषयांतर, पण बांधणीशी जोडलेलं आहे. घरप्रार्थनेत पुरुष आणि शाळकरी मुलं गात नाहीत, फक्त दोन-तीन बायकांचे आवाज, हे कुठंही बघा. कारण भक्ती कमी असं नसतं, पट्टी चढी असते. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोईची पट्टी धरतो. मिश्र मंडळीत सा काळी एक किंवा पांढरी दोन ठीक, पण चाल तार गंधारापर्यंत चढत असेल तर सरळ खालच्या काळी पाचवर उतरा. गीताची सर्वात वरची ओळ आधी म्हणून बघा, ध्रुवपद नाही. ओळ घशात अडकली तर पट्टी चुकली. तबला असला तर तो दुसऱ्या पट्टीचा ठेवावा लागेल, म्हणून घरी टाळ पुरे. आणि लय मध्यम ठेवा, म्हाताऱ्यांना श्वास घ्यायला वाव राहतो.

तांबडी_माती
आणि चहापाणी? त्यावर बोला की कुणीतरी.

निपाणीची_ताई
बोलते. पहिल्या घरी चहा-बिस्किटं. दुसऱ्या घरी पोहे. तिसरीकडे शिरा-उपीट. पाचव्या घरी कुंदा. सहावं घर गरिबाचं, ते म्हणतं "आमच्याकडे पुढच्या महिन्यात". तो पुढचा महिना येत नाही, आणि ते कुटुंब इतरांकडेही यायचं थांबतं. म्हणून सगळ्यांकडे एकच: चहा, किंवा उन्हाळ्यात ताक. श्रीमंत घरानं आधी पाळायचं. वाढदिवस, बारसं असेल तर जेवण वेगळ्या दिवशी ठेवा.

वडगाव_माग
वेळेबद्दल. शनिवार संध्याकाळ बेळगावात बाजाराचा दिवस, आणि कारखान्यातल्या सेकंड शिफ्टवाल्याला कुठलीच संध्याकाळ मिळत नाही. उद्यमबागेतल्या कामगारांसाठी एक गट सकाळी १० ला ठेवा. ऊस पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत आठच्या आत माणूस घरी नसतो, तिथं बैठक ८:३० ला आणि ४५ मिनिटांचीच. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर पाऊस असा की रात्री दुसऱ्या वाडीला जाणं होत नाही. तिथं पावसाळ्यात दोन-तीन शेजारघरांचे छोटे गट करा, सगळ्यांची बैठक महिन्यातून एकदा दुपारी. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलावं लागतं, हे धरूनच चाला.

एम_के_हुब्बळ्ळी
भाषेचं बघा. एकाच मंडळीत मराठी, कन्नड, कुठं कोंकणी. १ करिंथ १४:१९ मध्ये पौल म्हणतो की मंडळीत अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजून पाच शब्द बोलणं बरं. आपल्याकडे वाद दुसऱ्याच कारणांचे आत येतात आणि समजणं राहून जातं.

व्यवहारात असं जमतं: प्रत्येकजण आपल्या मातृभाषेत प्रार्थना करतो, भाषांतर करायचं नाही, देवाला ते लागत नाही. वचन मात्र दोन्ही भाषांत वाचायचं, कारण ते माणसांसाठी आहे. संदेश दुभाष्यासह द्यायचा तर २० मिनिटांचे ४० होतात, म्हणून मूळ संदेश १२ मिनिटांचाच तयार करा आणि दुभाष्याला आदल्या दिवशी वचनांची यादी द्या. एक गीत मराठी, एक कन्नड. कन्नड गीताचे शब्द देवनागरीत आणि मराठी गीताचे कन्नड लिपीत छापून द्या, आठवडाभर आधी. इंग्रजी माध्यमातली मुलं दोन्हीकडे अडतात, पण हिंदीमुळे बहुतेकांना देवनागरी वाचता येते, तेवढा धागा सोडू नका. आजी-आजोबांपैकी ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना फोनवर वाचलेलं शास्त्र लावून द्या. तोच उतारा, तेच दिवस.

जुनी_वही
मूळ प्रश्नाकडे वळतो. हे नवं नाही. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्टांनी (एक प्रोटेस्टंट पंथ) सभागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे वर्ग पाडले, प्रत्येकी आठवड्याला एक पेनी. वर्गप्रमुख पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागला तेव्हा कुणाचं घर कसं चाललंय, जीव कसा आहे हे कळू लागलं. कर्ज बाजूला राहिलं आणि वर्ग हीच मुख्य गोष्ट झाली. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनचं काम सुरू झालं आणि ते पुढे मेथडिस्टांकडे आलं, म्हणून इथल्या जुन्या मंडळ्यांना वर्ग परका नाही.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संख्या बाराच्या वर गेली की गट फोडा, कारण तासाभरात पंधरा जण बोलूच शकत नाहीत. आणि प्रमुखानं बैठकीची वाट न बघता घरी जाऊन भेटावं. जो येत नाही त्याला "का आला नाहीस" विचारायचं नाही. दहा मिनिटं बसायचं, तब्येत विचारायची, एक वचन वाचायचं, उठायचं.

एकटा_चालतो
न येणाऱ्यांना बोलायचं काम नकोच असतं. त्यांना गप्प राहून करायचं काम द्या. पहाटेची किल्ली, आजाऱ्याला डबा पोचवणं, उताऱ्याचं पत्रक घरोघर टाकणं. जो एकांतात बसतो त्याच्याकडे मंडळीतल्या नावांची यादी द्या, रोज तीन घरं नावानं प्रार्थनेत घ्यायला. नव्वद घरं महिन्यात होतात. मंडळीला त्यानं आधीच उचलून धरलेलं असतं, फक्त तिला ते माहीत नसतं.

जुनी_वही
याचंच मोठं रूप म्हणजे साखळी प्रार्थना. प्रत्येकजण आपापल्या घरी, पण मंडळी एक. २४ तासांची केली तर अर्ध्या तासाचे ४८ तुकडे लागतात, आणि रात्री दोन ते चार नेहमी रिकामे. लहान मंडळीनं पहाटे ५ ते संध्याकाळी ५ घ्यावी, २४ माणसं पुरतात. आपला वेळ संपला की पुढच्याला मिस्ड कॉल. त्यानं परत दिला नाही तर राखीव दोघांपैकी एकाला, साखळी तुटत नाही. विषय सातच, छापील. जास्त दिले की लोक यादी वाचून काढतात. मधुमेह असलेल्यांना उपासाचा आग्रह करू नये, वेळ द्यायला सांगावं.

मलप्रभाकाठ
सर्वांचे आभार. तर ठरवतो ते असं: शनिवार सोडून गुरुवार. सेकंड शिफ्टवाल्यांचा गट सकाळी १०, बाकीचे रात्री ८:३०. अध्याय मोठ्यानं, पाच मिनिटं शांतता, हवं त्याचं एक वाक्य, प्रत्येकाच्या भाषेत प्रार्थना, एक गीत, कामकाज उभ्यानं. फक्त चहा. ताईंचे नियम पहिल्या दिवशी वाचून. देऊळ पहाटे एक तास. संडे स्कूलच्या दोन तुकड्या कमिटीपुढे मांडतो.

वाचन आता शुक्रवार ते मंगळवार पाच दिवस, बुधवार मोकळा, राहिलेलं भरून काढायला. पत्रक कसं छापावं?

एम_के_हुब्बळ्ळी
ए-४ चे दोन तुकडे, एका बाजूला मराठी, मागे कन्नड. वार, वचनांचे आकडे आणि खाली लिहायला दोन रिकाम्या ओळी, बाकी काही नको. अक्षर १६ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका, कंदिलात वाचणारी घरं अजून आहेत. वचनं पत्रकावर छापू नका, फक्त संदर्भ. नाहीतर शास्त्र कपाटातच राहतं.

वडगाव_माग
आणि किल्ल्या तीन. विसरू नका.